आघात अटळ नाही : लघुग्रहांविषयीच्या तीन आक्षेपांचा परामर्श

पृथ्वीवर लघुग्रह आदळण्याचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास पुढे येतात. पहिला असा की, ही घटना इतकी दुर्मीळ आहे की तिच्यासाठी पैसा आणि बुद्धी खर्च करणे हा अपव्यय होय. दुसरा असा की, ती घडायचीच असेल तर माणसाच्या हाती काहीही नाही. आणि तिसरा असा की, काही करता येत असलेच तर ते अंतराळात आघाडीवर असलेल्या मोजक्या राष्ट्रांनी करावे; भारतासारख्या देशापुढे पूर, दुष्काळ आणि चक्रीवादळे यांचेच आव्हान पुरेसे आहे. तिन्ही आक्षेपांत सत्याचा अंश आहे, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. लघुग्रहाचा आघात ही अनेक वर्षे आधी ओळखता येणारी, आणि वेळीच ओळखल्यास टाळताही येणारी नैसर्गिक आपत्ती आहे. तिच्यापासूनच्या संरक्षणाचा पाया शोध हाच आहे.

दुर्मीळतेचा आक्षेप सरासरीवर उभा आहे. सुमारे १४० मीटर व्यासाचा लघुग्रह सरासरीने वीसेक हजार वर्षांतून एकदा आणि एक किलोमीटरचा काही लाख वर्षांतून एकदा पृथ्वीवर आदळतो, हे खरे आहे. परंतु सरासरी ही अनेक पिंडांच्या समूहाविषयी बोलते, एखाद्या विशिष्ट पिंडाविषयी नव्हे. सूर्याभोवती फिरणाऱ्या प्रत्येक लघुग्रहाची कक्षा गतिशास्त्राच्या नियमांनी बांधलेली असते. पुढच्या शंभर वर्षांत तो पृथ्वीला धडकणार की नाही, हे बहुतेक वेळा आजच्या त्याच्या स्थितीतच ठरलेले असते. संभाव्यतेचा आकडा हा मुख्यतः निरीक्षकाच्या अपुऱ्या माहितीचे माप असतो, आणि माहिती वाढवणे माणसाच्या हाती असते.

याचा पुरावा २०२४ वायआर४ या लघुग्रहाने दिला. चिलीतील अ‍ॅटलास दुर्बिणीने तो २७ डिसेंबर २०२४ रोजी शोधला, आणि २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ३.१ टक्क्यांवर गेली. त्यानंतर काही दिवसांतच ती जवळजवळ शून्यावर आली. अनेकांनी याला खोटी ओरड म्हटले, पण हा आरोप गणिताच्या अज्ञानातून येतो. नवी निरीक्षणे मिळतात तसा लघुग्रहाच्या भावी स्थानाविषयीचा अनिश्चिततेचा पट्टा आक्रसतो. त्या आक्रसत्या पट्ट्यात पृथ्वी असेपर्यंत शक्यता वाढत जाते आणि पृथ्वी पट्ट्याबाहेर पडताच ती कोसळते. म्हणजे आकडा आधी चढणे आणि मग उतरणे हे पद्धत योग्य रीतीने चालल्याचे लक्षण आहे. एकही यान न पाठवता, केवळ निरीक्षणाने, एक चिंता मिटली.

शिवाय दुर्मीळतेचा युक्तिवाद लहान पिंडांच्या बाबतीत लंगडा पडतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे वीस मीटरचा पिंड तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. झगमगाट पाहून लोक खिडक्यांपाशी धावले. प्रकाश क्षणात पोहोचला, पण आघातलहर, म्हणजे स्फोटाने हवेत निर्माण झालेली दाबाची लाट, मिनिटा-दोन मिनिटांनी आली आणि तिने काचा फोडल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक उडालेल्या काचांनी. एका शिक्षिकेने मुलांना बाकांखाली लपायला लावले आणि ती मुले सुखरूप राहिली. लखलखाट दिसताच खिडकीपासून दूर व्हावे, एवढे साधे ज्ञान शहरभर असते तर जखमींची संख्या निश्चितच घटली असती.

दुसरा, हतबलतेचा आक्षेप २६ सप्टेंबर २०२२ रोजी प्रत्यक्ष प्रयोगाने खोडला गेला. त्या दिवशी नासाचे डार्ट यान सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने डिमॉर्फस या दीडशे मीटरच्या आसपासच्या पिंडावर मुद्दाम आदळवण्यात आले. डिमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. आघातानंतर हा काळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. ७३ सेकंदांचा बदलही यश मानला जाणार होता. उडालेल्या मलब्याच्या प्रतिक्रियेमुळे धक्का कितीतरी वाढला.

मात्र या तंत्राला वेळ लागतो, आणि म्हणूनच शोधाचे महत्त्व निर्णायक ठरते. लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला केवळ एक सेंटीमीटर फरक पडला तरी दहा वर्षांत तो तीन हजार किलोमीटरहून अधिक सरकतो. वेगाबरोबर परिभ्रमणकाळही बदलत असल्याने हे अंतर सुमारे तिप्पट होऊ शकते, आणि ते पृथ्वीच्या सुमारे ६,४०० किलोमीटर त्रिज्येपेक्षा जास्त भरते. आघात एक वर्षावर आला असेल तर तेवढ्याच परिणामासाठी दसपट धक्का हवा. उशीर झाला की अणुस्फोटासारख्या टोकाच्या उपायांची चर्चा सुरू होते; लवकर शोध लागला की तिची गरज बहुधा उरत नाही.

येथे एका गंभीर प्रतिवादाची दखल घ्यायला हवी. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्ये इशारा दिला होता की जे तंत्र लघुग्रह दूर ढकलू शकते तेच तो पृथ्वीकडे वळवण्यासाठीही वापरता येईल. हा इशारा रास्त आहे, पण तो शोधाविरुद्ध जात नाही. तंत्र एकट्या राष्ट्राच्या हाती राहू नये, कक्षांची माहिती सर्वांना खुली असावी आणि निर्णय आंतरराष्ट्रीय पातळीवर व्हावेत, हाच त्याचा अर्थ. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीवरून उभे राहिलेले आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळे याच दिशेचे पाऊल आहे.

तिसऱ्या आक्षेपाला भूगोलच उत्तर देतो. २०२४ वायआर४चा संभाव्य आघातपट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत पसरला होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीजन्य समजले जाई. तेथील बेसाल्टात मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड आघातदाबाने फेल्डस्पार खनिजाचे झालेले काचरूप, सापडल्यावर ते अवकाशातून आलेल्या पिंडाच्या आघाताने झाल्याचे स्पष्ट झाले. साधनांचा प्रश्नही अडचणीचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेलेला २०२० क्यूजी हा लहानसा लघुग्रह कॅलिफोर्नियातील दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्याने ओळखला. तो निघून गेल्यावर ओळखला गेला, ही त्यातली सावध करणारी बाब.

आणि चक्रीवादळांचे उदाहरण तर आक्षेपकांच्याच विरोधात जाते. १९९९च्या महाचक्रीवादळाने ओडिशात सुमारे दहा हजार बळी घेतले; २०१३च्या फायलिनपूर्वी वेळेवर सूचना मिळून दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले आणि बळींची संख्या दोन अंकी राहिली. पन्नास मीटरच्या लघुग्रहासाठीही हीच यंत्रणा, हेच निवारे आणि हाच सराव लागेल. त्यासाठी वेगळा भार देशावर पडत नाही.

म्हणून कर्तव्य स्पष्ट आहे. १४० मीटरहून मोठ्या पृथ्वीसमीप लघुग्रहांपैकी नव्वद टक्के २०२० पर्यंत शोधण्याचे उद्दिष्ट अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये ठरवले होते. अंदाजे पंचवीस हजारांपैकी निम्मेही अजून सापडलेले नाहीत. सूर्याच्या दिशेने येणारे पिंड जमिनीवरील दुर्बिणींना दिसत नाहीत, आणि चेल्याबिन्स्कचा पिंड त्याच दिशेने आला होता; त्यासाठी उष्णतेच्या प्रारणाने पिंड टिपणारी, नासा उभारत असलेली निओ सर्व्हेअर ही अवकाश दुर्बीण अत्यावश्यक आहे. भारताने आपल्या दुर्बिणींचा ठराविक वेळ या शोधाला द्यावा, विद्यापीठांतून कक्षागणित शिकवावे, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात आकाशातून येणाऱ्या आघातलहरीचे एक प्रकरण जोडावे. या तिन्ही गोष्टी आज करता येण्यासारख्या आहेत, आणि न शोधलेला लघुग्रह या निर्णयासाठी थांबणार नाही.