दिव्याजवळ माणूस हवे

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून समया, पणत्या आणि हल्ली सुवासिक मेणबत्त्याही बाहेर निघतात. या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही; पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

अपार्टमेंटमध्ये जागा थोडी, म्हणून आम्ही देव बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये मांडले होते. आपल्यापैकी अनेकांचे तसेच आहेत. पूजा आटोपली आणि समई तेवत ठेवून आम्ही मित्रांकडे फराळाला निघालो. मिठाईचा डबा विसरला म्हणून मी परत वर आलो, तर समईच्या वीतभर वर असलेली फळी काळी पडून धुमसत होती. शेजारीच सौ.च्या साड्या टांगलेल्या! स्मोक अलार्म मात्र गप्प होता, कारण फोडणीच्या धुराने तो ओरडतो म्हणून त्याची बॅटरी मीच काढून ठेवली होती.

गावाकडच्या घराला दगडविटांच्या भिंती आणि खाली फरशी. शिवाय घरात आजी नाहीतर काकू, कोणीतरी असायचेच. इथे लाकडी सांगाड्याचे घर, खाली कार्पेट, आणि दोघेही बाहेर. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ज्या दिव्याजवळ माणूस नाही, तो दिवा लावूच नये. बाहेर पडताना किंवा झोपताना फुलाने वात तेलात सारून दिवा शांत करावा. त्यात अशुभ काही नाही. नवरात्रातला अखंड दिवा रात्री विजेचा असला तरी देवी रागावणार नाही.

ज्योतीपासून जळण्याजोगी वस्तू चहूबाजूंनी निदान एक फूट दूर हवी. डोक्यावर फळी किंवा कपडे नकोतच. समईखाली पितळी ताट ठेवावे. वीज गेली तर मेणबत्तीऐवजी टॉर्च वापरावा. अलार्मचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे आणि दहा वर्षांनी अलार्म बदलावा. अमेरिकेत घरांना लागलेल्या आगींत जे मृत्यू होतात, त्यांपैकी पाचांत सुमारे तीन हे अलार्म नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांतले असतात. आग पसरू लागली तर सामानाचा मोह सोडून, दार ओढून घेऊन बाहेर पडावे आणि मग ९११ फिरवावा.

आता थोडे पैशांविषयी. घरमालकाचा विमा इमारतीपुरता असतो. आपल्या सामानाला तो लागू नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी रेंटर्स इन्शुरन्स जरूर घ्यावा. आपल्या चुकीने शेजाऱ्याचे नुकसान झाले तर त्याची जबाबदारीही त्यात सहसा येते. आमच्याकडे तो नव्हता.

फळी बदलली, देव आता बैठकीच्या खोलीत आले आहेत आणि बॅटरी जागेवर आहे. दिवाळीच्या खरेदीच्या यादीत आपणही एक बॅटरी लिहावी, एवढीच विनंती.