विश्लेषण : टाइम्स स्क्वेअरमधला कॅसिनो ब्रॉडवेला का नको होता?

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये कॅसिनो उभारण्याचा 'सीझर्स'चा प्रस्ताव १७ सप्टेंबर २०२५ रोजी सहा सदस्यांच्या स्थानिक समितीने ४ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. सोबतीला एसएल ग्रीन ही बडी मालमत्ता कंपनी आणि रॅपर जे-झीची रॉक नेशन होती. पैसा होता, प्रसिद्धीही होती. मग घोडे अडले कुठे? उत्तराचा मोठा भाग रात्रीच्या जेवणात आहे.

नाटक आणि जेवणाचा काय संबंध?

ब्रॉडवेची ४१ नाट्यगृहे आहेत आणि जवळपास सगळी याच परिसरात. रात्रीचे प्रयोग साधारण सात-आठला सुरू होतात. त्यामुळे इथल्या रेस्टॉरंटचे घड्याळच वेगळे. पाचपासून टेबले भरतात, पडदा वर जायच्या सुमारास रिकामी होतात आणि प्रयोग सुटल्यावर दुसरी पंगत बसते. ४६व्या रस्त्याच्या आठव्या ते नवव्या अॅव्हेन्यूमधल्या पट्ट्याला तर 'रेस्टॉरंट रो' असेच नाव आहे. तिथे १९६५ पासूनचे 'जो अॅलन' आहे. त्याच्या भिंतींवर हिट नव्हे, तर सपशेल आपटलेल्या नाटकांची पोस्टर्स लावलेली आहेत! ४४व्या रस्त्यावरच्या 'सार्डीज'मध्ये कलावंतांची शेकडो अर्कचित्रे आहेत. म्हणजे जेवता जेवता निम्मे पर्यटन उरकते. डफी स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांवर फुकट बसता येते आणि त्याच पायऱ्यांखाली त्या दिवसाच्या प्रयोगांची तिकिटे सवलतीत मिळतात.

हे नाते किती घट्ट आहे ते करोनाकाळात दिसले. १२ मार्च २०२० रोजी नाट्यगृहे बंद झाली. मोठी संगीत नाटके सप्टेंबर २०२१ मध्ये परतली. 'सार्डीज' उघडायला मात्र डिसेंबर उजाडला.

कॅसिनोने काय बिघडले असते?

नाट्यगृहमालक आणि निर्मात्यांची संघटना 'ब्रॉडवे लीग' विरोधात उभी राहिली. नाटकाचा प्रेक्षक रस्त्यावरून चालतो, खातो, रेंगाळतो. कॅसिनोचा धंदा नेमका उलटा, आलेला माणूस बाहेर पडू नये असा. खाणे, पिणे, करमणूक, मुक्काम सगळे एकाच छताखाली. समर्थकांचे म्हणणे होते की नोकऱ्या आणि नवे पर्यटक येतील, त्याचा फायदा शेजाऱ्यांनाही होईल. हा दावा अगदीच पोकळ नव्हता. रंगकर्मींची कामगार संघटना 'अॅक्टर्स इक्विटी' प्रस्तावाच्या बाजूने होती. मालक एका बाजूला, नट दुसऱ्या बाजूला, त्यामुळे 'अख्खा ब्रॉडवे विरोधात' हे व्हायरल चित्र अर्धवटच म्हणायला हवे.

गंमत म्हणजे कॅसिनोसाठी निवडलेल्या १५१५ ब्रॉडवे या इमारतीतच मिन्सकॉफ नाट्यगृह आहे. 'द लायन किंग'चे प्रयोग तिथेच होतात.

पुढे काय झाले?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्याने कॅसिनोचे तीन परवाने दिले. दोन क्वीन्सला, एक ब्राँक्सला. मॅनहॅटनच्या वाट्याला एकही आला नाही.