लष्कराच्या लहरी विकल्या, पण खाते जुळले का?



महिन्यातून एकदोनदा तरी आमच्या शाखेत ‘लिंक गेली’ असा पुकारा होतो. काउंटरसमोर पेन्शनरांची रांग, हातात पासबुके, आणि पडद्यावर नुसते फिरणारे चक्र. कोणीतरी आजोबा म्हणतात, ‘अहो, खतावण्या होत्या तेव्हाच बरे होते.’ आम्ही ‘बसा हो काका, येईल एवढ्यात’ म्हणतो. अर्ध्या तासाने लिंक येते, पैसे मिळतात, प्रकरण मिटते. बँकेची लिंक गेली तर फार तर कोणाला आणखी एक खेप पडते. सीमेवरच्या जवानाची लिंक ऐन वेळी गेली तर काय होत असेल?

हा प्रश्न इंदूरकर मराठी माणसाला परका वाटू नये. आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सिग्नल्स कोअरचे अधिकारी तिथे घडतात. पण आपल्या समाजात महूचा विषय निघाला की बाबासाहेबांचे जन्मस्थान आणि छावणीची शिस्त यापलीकडे बोलणे जात नाही. तिथे जे शिकवतात, ते ज्याच्या जोरावर चालते त्या रेडिओ लहरींचा व्यवहार गेली पंधरा-सोळा वर्षे कसा चालला आहे, हे आपण विचारलेलेच नाही. आम्ही तज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. पण जमा आणि नावे या दोन बाजू जुळतात की नाही, एवढे पाहायची सवय हाताला आहे.

आधी मूळ गोष्ट. स्पेक्ट्रम म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा. रेडिओ, मोबाइल, विमानतळाचे रडार, उपग्रह, रणगाड्यातला बिनतारी संच, ड्रोन, सगळे याच पट्ट्याचे वाटेकरी. एका ठिकाणी एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले की दोघांचेही ऐकू येत नाही. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात, भिंतीतून शिरतात, पण त्यांत माहिती थोडी मावते. जास्त वारंवारतेत माहिती पुष्कळ मावते, पण पल्ला आखूड. म्हणजे सोयीचा भाग थोडाच, आणि मागणारे पुष्कळ. जमीन नवीन तयार होत नाही, तसेच हे.

लष्कराची अडचण आणखी वेगळी. त्याला आपल्याच माणसांचा अडथळा आधी सांभाळावा लागतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ४ मे रोजी ब्रिटिशांच्या ‘शेफिल्ड’ या युद्धनौकेवर अर्जेंटिनाचे एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. वीस जण गेले. त्या वेळी नौकेवरून उपग्रहामार्फत संदेश चालू होते, आणि त्याच यंत्रणेमुळे शत्रूच्या रडारची चाहूल देणारे उपकरण आंधळे झाले होते. बोलायचे की ऐकायचे, यात निवड करावी लागली आणि त्याच घडीला घात झाला. पुढे इराकमध्ये अमेरिकी सैन्याने रस्त्याकडेचे बॉम्ब निकामी करायला गाड्यांवर जॅमर बसवले. त्या जॅमरनी त्यांचेच बिनतारी संच बंद पाडले. ही गाठ सोडवायला २००६ मध्ये नौदलाचे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार वाळवंटात धाडावे लागले.

म्हणून अमेरिकी सैन्यात मोहिमेआधी वारंवारतांची एक यादी करतात. तिच्यात तीन वर्ग. पहिल्यात आपल्या अशा वारंवारता, ज्यांना आपल्या जॅमरने कधीही हात लावायचा नाही. दुसऱ्यात ठरावीक वेळेपुरत्या जपायच्या. तिसऱ्यात शत्रूच्याच, पण त्यांवरून बातमी मिळते म्हणून बंद पाडायच्या नाहीत अशा. आमच्या स्ट्राँगरूमच्या किल्ल्यांचे रजिस्टर असते ना, कोणती कोणाकडे आणि कधीपर्यंत, तसलाच हा कारभार. फरक एवढाच की इथे रजिस्टर चुकले तर माणसे जातात.

आपल्याकडे हे सारे पुस्तकी राहिलेले नाही. २०२५ च्या मे महिन्यात ८ आणि ९ तारखेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, असे सरकारने पत्रकार परिषदेत सांगितले. ते सांगणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी सिग्नल्स कोअरच्याच अधिकारी, आणि शिकलेल्या बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात. त्यातले अनेक ड्रोन गोळ्यांनी पडले, तर काही गोळी न झाडता निकामी केले गेले. गोळी न झाडता म्हणजे लहरींच्या जोरावर. त्या रात्री आपले रडार, आपले जॅमर आणि आपले संच एकमेकांच्या पायात आले असते तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता खात्याकडे येऊ. तिसऱ्या पिढीच्या मोबाइलसाठी लागणारा पट्टा बराचसा लष्कराकडे होता. २२ मे २००९ रोजी दूरसंचार खाते आणि संरक्षण मंत्रालय यांच्यात करार झाला. लष्कराने टप्प्याटप्प्याने ४५ मेगाहर्ट्झ मोकळे करायचे, आणि बदल्यात सरकारने तिन्ही दलांसाठी ऑप्टिकल फायबरचे स्वतंत्र जाळे टाकून द्यायचे. काम भारत संचार निगमकडे. सौदा तत्त्वतः चांगला होता. जे बोलणे जमिनीखालच्या तारेतून होऊ शकते, त्यासाठी हवेतली जागा कशाला अडवायची?

२०१० चा लिलाव ३४ दिवस चालला. सरकारी कंपन्यांचा वाटा धरून सुमारे ६७,७१९ कोटी रुपये तिजोरीत आले. जमेची बाजू त्याच वर्षी भरली. नावे बाजूचे काय? लष्कराच्या जाळ्याला मंत्रिमंडळाने १३,३३४ कोटींची मंजुरी दिली ती जुलै २०१२ मध्ये. त्यात काम उरकले नाही. मे २०१८ मध्ये आणखी ११,३३० कोटी मंजूर करावे लागले. एकूण २४,६६४ कोटी. म्हणजे सहा वर्षांत खर्चाचा आकडा ८५ टक्क्यांनी फुगला. आधी तो लिलावाच्या रकमेच्या पाचव्या हिश्शाइतका होता, नंतर तिसऱ्या हिश्शाच्याही वर गेला.

यात कोणी पैसे खाल्ले असे आमचे म्हणणे नाही. डोंगरात, बर्फात तार टाकणे सोपे नाही. आमचे म्हणणे हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे. गिऱ्हाइकाने घर विकले, पैसे घेतले, आणि भाडेकरूला ‘तुझी दुसरी खोली बांधून होईल हळूहळू’ असे सांगितले, तर आपण त्याला शहाणा म्हणू का? इथे भाडेकरू आपले सैन्य आहे.

दुसरीकडे काय करतात पाहा. अमेरिकेने २००४ मध्ये कायदाच केला. सरकारी खात्यांकडून पट्टा काढून विकायचा असेल, तर त्यांच्या स्थलांतराच्या अंदाजित खर्चाच्या किमान ११० टक्के रक्कम लिलावातून आली पाहिजे, आणि ती वेगळ्या निधीत ठेवून त्यातून खात्यांची भरपाई व्हायची. आमच्या भाषेत, आधी तरतूद, मग नफा. यात काय कठीण आहे?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘लष्कर पट्टे अडवून बसते, वापरत नाही, आणि गुप्ततेच्या नावाखाली हिशेब देत नाही’ असा आक्षेप आहे. तो सगळाच खोटा नसावा. खेड्यातल्या मुलीला मोबाइलवर अभ्यास करता यावा, ही गरजही देशाचीच. २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने लष्कराचे पट्टे आणि सीमेलगतचे संरक्षण हितक्षेत्र निश्चित केले आणि २१०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १५ मेगाहर्ट्झची अदलाबदल मान्य केली, हे योग्यच झाले. विखुरलेले तुकडे एकत्र आले की दोघांची सोय होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही लिलावाशिवाय स्पेक्ट्रम द्यायच्या कामांत राष्ट्रीय सुरक्षा आणि संरक्षण धरले आहे, आणि विनाकारण पडून राहिलेला स्पेक्ट्रम परत घेण्याची सोयही केली आहे. मग तोच न्याय सर्वांना लावावा. कंपन्यांनाही आणि लष्करालाही.

आणि आपण? आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने मोबाइलला रेंज यावी म्हणून बाजारातून बूस्टर आणून गच्चीवर बसवला. त्याची रेंज सुधारली, शेजारच्या चार घरांची बिघडली. असा बूस्टर परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. जॅमरचे तर खाजगी माणसाने नावच काढू नये. २०२५ च्या मे महिन्यात परवानगी नसलेले वॉकीटॉकी ऑनलाइन विकणाऱ्यांना ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोटिसा द्याव्या लागल्या. देशभक्तीची भाषणे ऐकून टाळ्या वाजवणारे आपण, गच्चीवर काय लावतो ते मात्र पाहत नाही.

आमच्या मागण्या तीनच. पहिली, यापुढे लष्कराकडून घेतलेला कोणताही पट्टा विकला तर पर्यायी व्यवस्थेची पूर्ण रक्कम त्याच दिवशी वेगळ्या निधीत जावी. दुसरी, लष्कराच्या वापराची तपासणी दर काही वर्षांनी व्हावी. तपशील गुप्त राहू द्या, पण तपासणी झाली एवढे तरी संसदेला कळू द्या. तिसरी, फायबरच्या जाळ्याचा राहिलेला हिशेब खासदारांनी सभागृहात विचारावा.

मते मागायला येणाऱ्यांना आपण रस्ता, पाणी, मराठी शाळा विचारतो. तेही विचारूच. पण या खेपेला हा चौथा प्रश्नही विचारावा, आणि मंडळाच्या वार्षिक सभेत तसा ठराव मांडावा, असे आम्ही सुचवतो. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक निघाला तरी आम्हा कारकुनांना तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. सैन्याच्या खात्यातला फरक शोधायची घाई मात्र कोणालाच दिसत नाही.