केदारकंठ्याला कुलूप लागण्याआधी

यंदा नाताळच्या सुट्टीत केदारकंठ्याला जायचं ठरवलं असेल, तर सॅक भरण्याआधी हा लेख वाचा. ठरवलं नसेल, तरी वाचा. तुमच्या घरातलं, ऑफिसातलं किंवा सोसायटीतलं कुणीतरी नक्की निघालेलं असेल, आणि त्याच्याशी बोलणारं माणूस कदाचित तुम्हीच असाल.

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, मोरीच्या पुढे, सुपीन नदीच्या खोऱ्यात सांक्री हे गाव आहे. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला असा, शेवटी टोन्स नदीच्या काठाने, सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास. हे गावच मुळी ६,४०० फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. तिथून चार-पाच दिवसांत १२,५०० फुटांचा केदारकंठा करून परत येता येतं, तेही ऐन हिवाळ्यात. हिमालयातले बहुतेक ट्रेक ऑक्टोबरअखेर मिटतात. खिंडी बुजतात, वाटा बंद होतात. केदारकंठा मात्र चालू राहतो, कारण सांक्रीपर्यंतचा रस्ता सहसा सुरू असतो आणि वाटेतले बरेचसे मुक्काम जंगलाच्या आडोशाला आहेत, त्यामुळे उघड्या धारेवरचं वारं तिथे तेवढं झोंबत नाही. गिर्यारोहणाचं कसलंही प्रशिक्षण नसलेला, वर्षातून एकदा आठवडाभर रजा मिळणारा माणूस भर बर्फात हिमालयाच्या एका शिखरावर उभा राहतो, अशा जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत.

म्हणूनच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांक्रीच्या त्या एकुलत्या एक रस्त्यावर मराठी सतत कानावर पडतं. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर. ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला अशी पोरं तिथे गुडघाभर बर्फात उभी राहून घरी व्हिडिओ कॉल लावतात. पहाटे अंधारात टॉर्चच्या उजेडात चढून माथ्यावर पोचावं आणि स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग यांच्यावर ऊन चढताना पाहावं. उतरताना बर्फावरून घसरत शंभर-दोनशे फूट खाली यावं आणि लहान मुलासारखं ओरडावं. या आनंदाला कुणी कमी लेखू नये. मी तर अजिबात लेखत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हिमालयाची पहिली ओढ इथेच लागते, आणि ती जन्मभर टिकते.

पण आपण ही जागा संपवतो आहोत.

केदारकंठा म्हणजे नुसतं शिखर नाही. ही गोविंद वन्यजीव अभयारण्याची आणि राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. अभयारण्य १९५५ मध्ये घोषित झालं. वरच्या टापूत हिमबिबट्या, कस्तुरीमृग आणि हिमालयातलं काळं अस्वल आहे. खाली सांक्रीजवळ देवदार आणि कैलची झाडी, त्यावर बांज आणि खर्सूचे ओक, मध्येच थुनेर. हा थुनेर अतिशय संथ वाढतो आणि कर्करोगावरच्या औषधापायी हिमालयभर ओरबाडला गेला आहे. या जंगलात ९,१०० फुटांवर जुडा का तालाब आहे. चहूबाजूंनी झाडी, मध्ये छोटंसं तळं. ट्रेकमधला पहिला मुक्काम बहुतेकांचा याच तळ्याशी पडतो, आणि सगळं दुखणं तिथेच सुरू होतं.

नाताळ ते नववर्ष या काळात तळ्याभोवती तंबूंच्या रांगा लागतात. तंबू आले की स्वयंपाकाचे तंबू येतात, टॉयलेट टेंट येतात, मॅगी आणि चहाची दुकानं येतात, संध्याकाळी शेकोटी येते. शेकोटीचं लाकूड आजूबाजूच्याच जंगलातलं असतं. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तरीही ‘बॉनफायर’ हा शब्द पाहून आपण बुकिंग करतो. ‘वाळलेलंच तर होतं’ हे उत्तर पुरत नाही. पडलेला ओंडका कुजतो तेव्हाच त्या उतारावरची माती तयार होते, आणि दर थंडीत शेकडो शेकोट्यांना पुरेल एवढं पडीक लाकूड कुठल्याच जंगलात नसतं. मग कुऱ्हाड उभ्या फांदीकडे वळते.

टॉयलेट टेंटबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. थंडीत मुक्कामाच्या तुडवलेल्या जागी जमीन गोठलेली असते, त्यामुळे खड्डा खोल जात नाही. गोठणबिंदूच्या आसपास जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. पुण्यात लवकर मातीत मिसळून जाईल असा मैला तिथे वसंतापर्यंत जसाच्या तसा राहतो. वरून बर्फ पडतो आणि सगळं पांढरं, स्वच्छ दिसतं. आपण परत येऊन फोटो टाकतो. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा खड्ड्यातलं पाण्याबरोबर उताराला लागतं आणि तळ्यात, झऱ्यात, गावाच्या पाण्यात उतरतं. सोबत वेट वाइप्स असतात. त्यातल्या बऱ्याचशा कापडासारख्या दिसल्या तरी पॉलिएस्टरच्या धाग्यांच्या असतात आणि वर्षानुवर्षं कुजत नाहीत. हे पाणी सुपीनला मिळतं. नैटवाडला सुपीन आणि रुपीन एकत्र येऊन टोन्स होते, आणि टोन्स यमुनेला मिळते. दिल्लीच्या नळाला येणाऱ्या पाण्याची एक सुरुवात या उतारांवर आहे.

बर्फ तुडवण्याचंही असंच आहे. सैल बर्फ जमिनीवर गोधडीचं काम करतो. त्याच्या खाली माती फारशी गोठत नाही, रोपांची मुळं तग धरतात, उंदीर आणि पायका असे छोटे प्राणी बर्फाखालच्या पोकळीत हिवाळाभर हिंडतात. हजारो बूट एकाच पट्ट्यावरून गेले की तो बर्फ दाबून कडक होतो, गोधडीची ऊब जाते आणि खालची माती खोलवर गोठते. वाटेवर काचेसारखा निसरडा थर तयार होतो. मग लोक घसरू नये म्हणून कडेने चालतात, नवा पट्टा तुडवतात, आणि मूळची हातभर रुंदीची पायवाट दर मोसमात रुंदावत जाते.

तळ्यावरच्या बर्फाबद्दल एक वेगळा इशारा द्यायला हवा, कारण तो जिवाशी संबंधित आहे. थंड देशांमध्ये तळ्यावर चालायचं तर किमान १० सेंटीमीटर जाडीचा, स्वच्छ, काळसर दिसणारा बर्फ लागतो असं मानतात. पांढरट, बर्फमिश्रित थराची ताकद त्याच्या निम्मीच असते. जुडा का तालाबवर ती जाडी मोजून मग लोकांना फोटोसाठी सोडणारं कुणीही नसतं. काठावरच थांबा. मित्र मध्ये जाऊन उभा राहिला तर त्याला रागावून परत बोलवा, मग तो तुमच्यावर चिडला तरी चालेल.

आणि मुळात बर्फच कमी होतो आहे. भूमध्य सागराकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात उत्तराखंडात बर्फ आणतात. ते लांबले किंवा कोरडे गेले की सगळा हंगाम कोरडा जातो. २०२३-२४ च्या हिवाळ्यात जानेवारीपर्यंत गुलमर्गचे उतारसुद्धा उघडे पडले होते. हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात २०२५ च्या मोसमात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं, २३ वर्षांतलं सर्वांत कमी, असं काठमांडूच्या आयसीमॉड या संस्थेने नोंदवलं. बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो, त्यामुळे त्याच्या भरवशावर येणारी गर्दी आणखी थोड्या दिवसांत कोंबली जाते.

हे असंच चालू दिलं तर पुढे काय होईल? अंदाज करायची गरज नाही, कारण उत्तराखंडात ते होऊन गेलं आहे. चमोली जिल्ह्यातला रूपकुंड हा एकेकाळी देशातला सर्वांत लाडका ट्रेक होता. आली आणि बेदनी या बुग्याळांवर, म्हणजे वृक्षरेषेच्या वरच्या गवताळ कुरणांवर, तंबूंची गर्दी झाली, पक्क्या झोपड्या उभ्या राहिल्या, कचरा साचला. स्थानिक संरक्षण समिती न्यायालयात गेली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, पर्यटकांची संख्याही २०० वर बांधली. मुक्काम गेला आणि त्याबरोबर तो ट्रेकच गेला. न्यायालयाचं चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी वाण आणि लोहाजंगमधल्या गाइडच्या, पोर्टरच्या, खेचरवाल्याच्या घरात चूल कशी पेटायची हा प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रश्न त्यांच्यासमोर आणणारे आपण पर्यटक होतो. लोहाजंगचं काम मग हिवाळ्यातल्या ब्रह्मतालकडे वळलं. त्या वाटेवरही खर्सू-बुरांशाच्या जंगलात बेकलताल हे गोठणारं तळं आहे. म्हणजे ओझं फक्त एका जंगलातून दुसऱ्या जंगलात गेलं.

सांक्रीचं पोट या हिवाळ्यावर आहे. सफरचंद आणि राजम्याच्या शेतीला जोड म्हणून जे चार पैसे येतात, ते बरेचसे याच महिन्यांत येतात. त्यामुळे ‘जाऊच नका’ असं मी म्हणणार नाही. जा. पण बंदी येण्याआधी शिस्त येऊ द्या, आणि ती आपण मागून घेऊ.

हे अशक्य नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, शुल्क भरावं लागतं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, पण आज कासला जाणारा प्रत्येक जण ते गृहीत धरतो. केदारकंठ्याला परवान्याशिवाय तसाही प्रवेश नाही. मोजणी करता येते, फक्त आकड्याला वरची मर्यादा हवी आणि ती पाळली जायला हवी. तळ्याच्या काठापासून तंबू दूर हलवायला हवेत. लाकडाची शेकोटी पूर्ण बंद व्हायला हवी. मैला वर पुरण्याऐवजी खाली आणण्याची सक्ती हवी, आणि त्यासाठी लागणारा खर्च आपल्या बुकिंगच्या पैशांत उघडपणे लिहिलेला हवा. ट्रेक हजार रुपयांनी महागला तर महागू दे.

हा निर्णय उत्तराखंडाचा आहे, पण मागणी गिऱ्हाइकाने केली की ती लवकर ऐकली जाते, आणि या मोसमातलं मोठं गिऱ्हाईक आपण आहोत. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा आणि विचारा: तळ्यापासून तुमचे तंबू किती अंतरावर असतात? एका तुकडीत माणसं किती? टॉयलेटमधलं पुढे कुठे जातं? शेकोटी आहे का? गाइड सांक्रीचा आहे का, आणि पोर्टरला बूट, हातमोजे, स्लीपिंग बॅग तुम्ही देता का? उत्तर देताना जो अडखळेल त्याला पैसे देऊ नका. तारीख बदलता येत असेल तर २० डिसेंबर ते ५ जानेवारी हा काळ सोडा. फेब्रुवारीत बर्फ सहसा जास्त असतो आणि माणसं कमी. वेट वाइप्स, रॅपर्स, संपलेले हँड वॉर्मर आपल्याच सॅकमधून डेहराडूनपर्यंत खाली आणा. स्पीकर घरी ठेवा, कारण रात्री त्या जंगलात आपल्याशिवायही कुणीतरी राहतं.

महाराष्ट्रातल्या ट्रेकिंग क्लबांना माझी वेगळी विनंती आहे. गडांवरच्या गर्दीवर, प्लॅस्टिकवर, सुरक्षिततेवर तुम्ही वर्षानुवर्षं काम केलं आहे. आपली पोरं मोठ्या संख्येने जातात त्या हिमालयी वाटेसाठीही एक आचारसंहिता लिहा आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने ती आपल्या नावाने प्रसिद्ध करावी असा आग्रह धरा. दर मोसमाआधी गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या उपसंचालकांना पत्र पाठवा: रोजची मर्यादा ठरवा, आम्ही ती पाळू, आणि आमच्या तुकड्यांची नावं आधी कळवू. पत्र हिंदीत असू द्या आणि प्रत सांक्रीच्या ग्रामपंचायतीलाही द्या. पत्रावर क्लबच्या प्रत्येक सदस्याची सही घ्या. नोंदणी दिवाळीनंतर जोरात सुरू होते, म्हणून पत्र नवरात्रात निघायला हवं.