ह्यांची कॉन्फरन्स, आपली सहल

"पुढच्या महिन्यात हैदराबादला तीन दिवस कॉन्फरन्स आहे. येतेस का बरोबर?" चहा पिता पिता ह्यांनी असं सहज विचारलं, की आपल्या मनात चारमिनार, मोत्यांचे सर आणि दोघांनीच केलेला प्रवास असं सगळं एकदम उभं राहतं. मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्य, कामवालीच्या सुट्ट्या यांची कशीबशी व्यवस्था लावून आपण निघतो. आणि तिथं पोचल्यावर? हे सकाळी साडेआठला गळ्यात बिल्ला अडकवून जातात, ते संध्याकाळी सातला दमून परततात. आपण खोलीत टीव्ही बघत आणि घरी फोन करून 'कुकर लावलास का गं?' विचारत बसलेल्या! "ह्यापेक्षा घरीच बरी होते," हे वाक्य तिसऱ्या दिवशी तोंडातून निघतं, आणि मग सुरू झालेली धुसफूस परतीच्या गाडीत सोलापूर आलं तरी थांबत नाही.

खरं सांगायचं तर यात दोष कुणाचाच नसतो. ते कामासाठी गेलेले असतात आणि काम करतात. चूक होते ती आपण त्या तीन दिवसांना 'दोघांची सहल' समजतो तिथं. ते तीन दिवस त्यांच्या कामाचे आणि तुमच्या एकटीच्या फिरण्याचे. दोघांची सहल त्यानंतरच्या एका-दोन दिवसांची. एवढं मनाशी पक्कं केलं आणि निघण्यापूर्वी दोघांनी बोलून घेतलं, की निम्मी भांडणं घरीच मिटतात.

निघण्यापूर्वी चार गोष्टी ह्यांना विचारून कागदावर लिहून घ्या. खोली एकासाठी घेतली आहे की दोघांसाठी? कामकाज किती वाजता सुरू होतं, किती वाजता संपतं? रात्रीच्या जेवणाला पत्नीला आमंत्रण आहे का, आणि असलं तर कोणत्या दिवशी? शेवटी एक-दोन दिवसांची रजा जोडून मिळेल का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर तरीही जायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा. पण निदान डोळे उघडे ठेवून ठरवा.

पैशाचंही आधीच बोलून घ्यावं. कंपनी किंवा ऑफिस खर्च देतं तो त्यांचा. आपलं तिकीट, एकाऐवजी दोघांची खोली घेतल्यानं वाढलेलं भाडं, आपलं जेवणखाण आणि जोडून घेतलेल्या दिवसांचा सारा खर्च घरचा. हॉटेलात पहिल्याच दिवशी सांगून दोन बिलं वेगळी करून घ्या. टी. ए. बिलात आपली रिक्षा आणि आपली इडली शिरली, तर रक्कम छोटी असली तरी मान ह्यांची खाली जाते.

आता राहिली खरी अडचण, एकटीनं बाहेर पडण्याची. आपल्यापैकी कितीतरी जणी घर, नोकरी, बँक सगळं बिनचूक सांभाळतात, पण परक्या शहरात एकटीनं रस्त्यावर पाऊल टाकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. 'तुला जमेल का?' असं कुणी विचारायच्या आधी आपणच स्वतःला ते विचारतो. मैत्रिणींनो, ही भीती घरात बसून जात नाही. पहिला अर्धा दिवस बाहेर काढला की ती बरीचशी जाते. हॉटेलचं कार्ड पर्समध्ये ठेवा, सुटे पैसे दोन ठिकाणी ठेवा, कुठं जाणार हे ह्यांना सकाळीच सांगा आणि अंधार पडायच्या आत परत या. कॉन्फरन्सला आलेल्या आणखी कुणाची पत्नी असेल तर सकाळच्या नाश्त्याला ओळख करून घ्या. सोबत मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी अडू देऊ नका.

हैदराबादचंच उदाहरण घेऊ. मोठ्या परिषदा बहुधा हायटेक सिटीच्या बाजूला भरतात, आणि बघायचं ते सारं जुन्या शहरात. पण तिथं २०१७ पासून मेट्रो आहे. हायटेक सिटीला निळ्या मार्गाच्या गाडीत बसायचं, अमीरपेठला उतरून लाल मार्गाची गाडी पकडायची आणि एम. जी. बी. एस. स्थानकावर उतरायचं. मेट्रोत स्त्रियांसाठी राखीव जागा असते. पुढं चारमिनार असो की सालारजंग म्युझियम, थोड्याशा अंतरासाठी रिक्षा पुरते. येण्याजाण्याला प्रत्येकी तास-सव्वा तास धरा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सालारजंग म्युझियम, चौमहल्ला राजवाडा आणि कुतुबशाही मकबरे ही तिन्ही ठिकाणं शुक्रवारी बंद असतात! कॉन्फरन्स गुरुवार ते शनिवार असेल तर दिवस असे लावा.

गुरुवार सालारजंगला द्या. निजामाचे एके काळचे दिवाण तिसरे सालारजंग यांचा हा संग्रह १९५१ साली लोकांसाठी खुला झाला आणि १९६८ साली आजच्या इमारतीत आला. इटालियन शिल्पकार बेन्झोनीची 'रिबेका' तिथं आहे. सगळा संगमरवर, तरी चेहऱ्यावरच्या झिरझिरीत बुरख्यातून तिचे डोळे-नाक दिसतात. तासाचे ठोके वाजवणारा बाहुला ज्याच्यातून बाहेर येतो, त्या घड्याळासमोर दर तासाला गर्दी होते. दहा मिनिटं आधी जागा धरा. सगळी दालनं एका दिवसात बघायचा हट्ट नको. पाय दुखले की बसा. कुणाचा चहा टाकायचा नाहीये!

शुक्रवार हलका ठेवा. सकाळी बिर्ला मंदिर. १९७६ साली पुरं झालेलं हे पांढऱ्या संगमरवराचं देऊळ टेकडीवर आहे, आणि वरून हुसेनसागर तलाव दिसतो. दुपारी ते बंद असतं, म्हणून लवकर जा. जेवून खोलीवर परता आणि खुशाल झोप काढा. घरी दुपारी दोन तास कुणी हाक मारत नाही असं वर्षात किती वेळा घडतं?

शनिवारी चौमहल्ला, चारमिनार आणि शेजारचा लाड बाजार. चारमिनार महंमद कुली कुतुबशहानं १५९१ साली बांधला. लाड बाजारात लाखेच्या, खडे जडवलेल्या बांगड्या मिळतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. लाख उष्णतेनं मऊ होते, म्हणून भांडी घासताना आणि गरम पाण्यात हात घालताना त्या काढून ठेवायच्या. मोती घ्यायचे असतील तर दातावर हलकेच घासून बघा. खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत लागतो. आज बाजारात येणारे मोती बहुतेक संवर्धित असतात. त्यात वाईट काही नाही, पण तसं बिलावर लिहून घ्या. पहिल्या दुकानात पर्स उघडू नका.

भाषेची काळजी करू नका. तिथली दखनी हिंदी आपल्याला परकी वाटत नाही. आपला 'नको' तिथं 'नक्को' होऊन बसलाय, आणि आपला 'च'सुद्धा त्यांच्या बोलण्यात आहे. दुकानदाराला 'नक्को' म्हणून तर बघा!

आता रविवार. हा दोघांचा. त्या दिवशी कॉन्फरन्सचा बिल्ला बॅगेत आणि ह्यांचा फोनही शक्यतो बॅगेतच, हे आधी ठरलेलं हवं. गोवळकोंडा किल्ला मुद्दाम या दिवसासाठी राखून ठेवा, कारण तिथली गंमत एकट्यानं होतच नाही. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली एकानं टाळी वाजवायची आणि वर बालाहिसारवर दुसऱ्यानं ती ऐकायची. सुमारे एक किलोमीटरवरून ती ऐकू येते! शत्रू आल्याची खबर वर पोचवायची ही जुनी युक्ती. चढण बरीच आहे, म्हणून सकाळीच जा, पाणी न्या आणि चपला मजबूत घाला. याच कुतुबशाहीतल्या अबुल हसन कुतुबशहाच्या भेटीला शिवाजी महाराज १६७७ साली भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, आले होते.

किल्ल्याजवळच कुतुबशाही मकबरे आहेत. त्यांत हयात बक्षी बेगमचा मकबरा जरूर बघा. १६५६ साली औरंगजेबानं गोवळकोंड्याला वेढा घातला, तेव्हा सुलतान अब्दुल्ला याची ही आई स्वतः त्याच्या छावणीत गेली आणि मुलासाठी तहाची बोलणी करून आली. परक्या छावणीत जाणाऱ्या त्या बाईपुढं आपली मेट्रो ती काय!

आणखी एक दिवस मिळाला तर पोचमपल्लीला जा. इकतच्या साड्या तिथं मागावर विणताना बघता येतात. सूत विणण्याआधीच बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा किंचित पुसट दिसतात. कडा अगदी रेखीव आणि कापड उलट्या बाजूनं फिकट असेल तर ते बहुधा छापील समजा. आपल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी भूदानाची पहिली जमीन मिळाली ती याच गावात.

शेवटी संध्याकाळबद्दल एक शब्द. हे खोलीवर परततील तेव्हा दिवसभर माणसांशी बोलून थकलेले असतील. दारातच 'आता कुठं जायचं?' नको. अर्धा तास पडू द्या, चहा मागवा. मग त्यांचं ऐका आणि तुमचंही सांगा. कुठं रस्ता चुकलात, कुणी वाट दाखवली, बांगड्यांचा भाव कितीवर आणलात, सगळं सांगा. एरवी संध्याकाळी आपल्याजवळ सांगायला दूधवाला आणि गॅसचं सिलिंडर असतं. इथं तुम्ही स्वतः पाहून आलेलं काही असेल, आणि ते ऐकायला ह्यांनाही आवडेल.

घरी आल्यावर हिशेबाची वही काढा, घरचा खर्च किती झाला ते मांडा आणि त्याच पानावर पुढच्या वर्षीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात करा. पुढची कॉन्फरन्स कुठं आहे, हे या खेपेला तुम्हीच ह्यांना विचाराल!