देवळालीच्या मास्तरांचे आकडे



गणित म्हणजे क्लास लावणाऱ्या हुशार मुलांचा विषय, असा समज आपल्या अनेक घरांत आहे. तो खोटा ठरवणारे एक मास्तर आपल्या नाशिकजवळच देवळालीत होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, पण संख्येतले अंक न्याहाळण्याचा नाद मोठा.

त्यांचा एक खेळ आज मूळ संख्यांवर करून पाहू. १ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. शंभराच्या आत अशा २५ आहेत. त्यांचे अंक पाहून गट पाडता येतात. १७, ७९ यांचे सर्व अंक विषम. २३, ३७, ५३, ७३ यांचे दोन्ही अंक स्वतःच मूळ.

कापरेकर मास्तरांनी निराळाच प्रश्न विचारला : ही संख्या जन्मली कोणापासून? संख्येत तिचेच अंक मिळवायचे. १९ मध्ये १ आणि ९ मिळवले की २९ होतात. म्हणून १९ ही २९ ची जनक. आता ३१ घ्या. २४ पासून ३० होतात, २५ पासून ३२. पण ३१ कोणापासूनच होत नाहीत. अशा संख्येला जनक नाही, म्हणून ती 'स्वयंभू'. गावावरून तिला 'देवळाली संख्या' असेही नाव पडले. त्या २५ मूळ संख्यांत स्वयंभू फक्त सहा : ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७.

अनेक विद्वानांनी हे काम किरकोळ मानले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते वारले.

या खेळाला फी लागत नाही. बेरीज येणारी आईसुद्धा मुलाशेजारी पाटी घेऊन बसू शकते. तर आज जेवणानंतर बसा. १०१ ही मूळ संख्या आहे आणि तिला जनक दोन आहेत. एक १००. दुसरा तुम्ही शोधा. उत्तर बरोबर की चूक, हे कोणाला विचारायला नको. सापडलेल्या संख्येत तिचे अंक मिळवा. १०१ आले की झाले!