कस्तुरी, कायदा आणि आपली भूमिका

कस्तुरीयुक्त योगांविषयी आपल्या व्यवसायात एक सोयीस्कर मौन पाळले जाते. हे मौन आता सोडावे आणि संघटनेने याविषयी शासनदरबारी व संसदेपुढे स्पष्ट भूमिका मांडावी, असे आमचे मत आहे.

कस्तुरीमृग हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९८६ च्या दुरुस्तीने अनुसूचित प्राण्यांच्या अवयवांच्या व्यापारावर बंदी आली. कायद्याच्या व्याख्येत शिंग, नख, पीस यांच्यासोबत कस्तुरीचा नावाने उल्लेख आहे. दुसरीकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० प्रमाणे शास्त्रोक्त औषध अधिकृत ग्रंथांतील पाठानुसारच सिद्ध झालेले असले पाहिजे. या दोहोंच्या कात्रीत औषधनिर्माता सापडतो. वेष्टनावर 'कस्तुरी' छापले आणि ते खरे असले, तर वन्यजीव कायद्याचा भंग. खोटे असले, तर औषध कायद्याचा. लताकस्तुरी वापरून तसे प्रामाणिकपणे छापणाऱ्यास मात्र गिऱ्हाईक विचारते, "म्हणजे हे अस्सल नाही का?" सचोटीने वागणाऱ्याचाच तोटा व्हावा, ही स्थिती केवळ सदिच्छेने बदलणारी नाही. त्यासाठी सर्वांना समान लागू होणारा नियमच हवा.

कस्तुरी प्रौढ नराच्या नाभीजवळील ग्रंथीतच असते आणि एका ग्रंथीतून साधारण पंचवीस ग्रॅम मिळते. परंतु हिमालयात लावलेला फास नर-मादी ओळखत नाही. त्यात माद्या आणि पाडसेही मरतात. इतक्या अल्प द्रव्यासाठी इतकी हानी कोणत्या चिकित्सातत्त्वात बसते?

परंपरेवर हा घाला आहे, असे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतात. त्यांचा आदर राखून आम्ही नम्रपणे निवेदन करतो की, अभावप्रतिनिधी द्रव्यांचा विचार भावप्रकाशकारांनीच केलेला आहे. द्रव्य न मिळाल्यास काय योजावे, हे शास्त्राने सांगितले. जे कायद्याने मिळूच नये असे ठरले, तेही अभावातच गणले पाहिजे.

म्हणून आमची मागणी अशी : अनुसूचित प्राण्यांपासूनच्या द्रव्यांसाठी प्रतिनिधी द्रव्यांची एक अधिकृत यादी आयुष मंत्रालयाने एकाच आदेशाने प्रसिद्ध करावी, मूळ पाठावर परवाना असलेल्या योगांनाही ती लागू व्हावी आणि योगाचे नाव कायम ठेवून वेष्टनावर प्रतिनिधी द्रव्य नोंदविण्याची मुभा असावी. शृंगभस्माचाही विचार याच वेळी व्हावा. रानात गळून पडलेले सांबराचे शिंग आणून भस्म केले तर बिघडले कोठे, असा प्रश्न वारंवार येतो. परंतु शिंग गळालेले की कापलेले, हे भस्माच्या बाटलीकडे पाहून कोण सांगणार? मोराच्या पिसाऱ्याला मात्र कायद्याने व्यापारबंदीतून वगळले आहे. त्या सवलतीतही हीच अडचण असल्याचे आम्हांस वाटते.

(जाता जाता फार्मसीमालकांस एक सूचना. 'हत्थाजोडी' नावाची दुर्मिळ मुळी कोणी विकावयास आणल्यास घेऊ नये. ती वनस्पती नसून घोरपडीचे जननेंद्रिय असल्याचे तपासात वारंवार निष्पन्न झाले आहे, आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे.)

असे बदल घडतात कसे, हेही पाहावे. या अधिनियमाच्या मोठ्या दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संसदीय स्थायी समितीकडे गेले, समितीने सूचना मागविल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते संमत झाले. १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती लागू आहे. त्यात अनुसूची सहावरून चारवर आल्या आणि दंडाच्या रकमा वाढल्या. सूचना पाठविण्याचे दार अशा प्रत्येक वेळी उघडते, आणि ते अल्पकाळच उघडे असते. शिवाय १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून वन्यप्राण्यांचे संरक्षण हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने आपल्या आमदारांकडे जाणेही तितकेच उपयुक्त आहे.

प्रत्येक जिल्हाशाखेने आपल्या भागातील फार्मसींमधून प्राणिजद्रव्ययुक्त योगांची यादी मागवावी, त्यापुढे सध्या प्रत्यक्षात काय घातले जाते ते निर्भयपणे लिहावे, आणि पुढील त्रैमासिक सभेपूर्वी ती कार्यालयाकडे पाठवावी. निवेदनाचा मसुदा त्यावरूनच तयार करता येईल. पाठविणाऱ्याचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.